वन्संच्या नावाने उघडलेला कॉम्प्युटर

आमच्या वन्संना सगळीकडे सगळ्यांच्या आधी पोचायची खोड. त्या डोळ्यांच्या दवाखान्यात नोंदणीच्या काउंटरवर बसतात. पहारेकरी अजून किल्ल्या शोधत असतो तेव्हा या दारात उभ्या, म्हणून तिथे त्यांचं नावच पडलंय कुलूपताई. लग्न केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणतात, "बघायला आलेला एकही वेळेवर आला नाही." भावाकडे, म्हणजे आमच्याकडेच राहतात. माझी सकाळची पूजा लांबली की देव सांभाळून घेतो, वन्सं घेत नाहीत.

काउंटरवर चौघं जण आणि कॉम्प्युटर एकच. प्रत्येकाला ज्याचा त्याचा पासवर्ड दिलेला. माणूस बदलला की आधीच्याने बंद करायचं आणि दुसऱ्याने आपल्या नावाने उघडायचं, असा नियम. पण ते यंत्र इतकं सुस्त, की तेवढ्यात रांग दाराबाहेर जायची आणि पेशंट कुरकुरायला लागायचे. मग आपसात असं ठरून गेलं, की जो पहिला येईल त्याने उघडायचं आणि दिवसभर सगळ्यांनी त्यावरच काम उरकायचं. पहिलं कोण येणार हे काय सांगायला हवं? म्हणजे दिवसभरात कुणीही काहीही केलं, तरी कॉम्प्युटरच्या लेखी ते वन्संनीच केलेलं.

हे कुणाला खटकलं नव्हतं. एक दिवस एका शिंप्याने तक्रार केली, की माझा ऑपरेशनचा नंबर दर वेळी मागे जातो आणि माझ्यानंतर आलेले डोळे करून घरी जातात. दवाखान्याने तपासलं, तर कितीतरी नंबर वर-खाली केलेले निघाले. कुणीतरी पैसे घेऊन लोकांना पुढे घुसवत होतं. आणि एकूण एक बदल वन्संच्या नावावर. पोलिसांच्या सायबर शाखेतून त्यांना बोलावणं आलं.

माझ्या बहिणीचा मुलगा वकील आहे. मी त्याला फोन केला, तो संध्याकाळी आला आणि आधी जेवला. वकिलाचं पोट भरलेलं असलं की वाईट बातमी सावकाश येते, असा माझा समज होता. तसं काही झालं नाही. हे ज्याने केलं त्याच्यावर काय काय लागेल, ते त्याने बोटांवर मोजत सांगितलं. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला, तो एक गुन्हा. यंत्रातली माहिती परवानगीशिवाय बदलली, तो दुसरा. त्यातून लोकांना फसवलं, तो तिसरा. प्रत्येकाला कैद आहे, दंड आहे, किंवा दोन्ही.

वन्संनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अरे, एवढं सगळं करायला मला वेळ कधी मिळाला?"

"आत्या, हसण्यावारी नेऊ नका. आत्ता तरी सगळ्यांचं बोट तुमच्याकडे आहे."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचे व्यवस्थापक घरी आले. चांगला माणूस, पण स्वतःच्या खुर्चीला जपणारा. नियम मोडून काम चालतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते बाहेर आलं तर तेही अडकणार होते. त्यांनी आडून आडून सुचवलं, की ताई, बाहेरच्या कुणीतरी तुमचा पासवर्ड चोरला असं सांगून टाका. कुणालाच त्रास नाही. भाचा रात्री आमच्याकडेच राहिला होता, त्याने पुढे जोडलं, की खोटा जबाब हाही गुन्हाच, म्हणजे चौथा. वन्संनी व्यवस्थापकांना चहा दिला आणि दारापर्यंत पोचवलं. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "नोकरी गेली तर गेली. पण न केलेल्या चोरीसाठी आणखी एक चोर मी कुठून आणू?"

सायबर शाखेत त्यांनी होतं तसं सांगितलं. तिथल्या तपास अधिकारी बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि वन्संना सोबत घेऊनच दवाखाना गाठला. व्यवस्थापक छातीठोकपणे म्हणाले, इथे प्रत्येक जण आपापल्या पासवर्डनेच काम करतो. बाई म्हणाल्या, छान, मग करून दाखवा.

हा प्रसंग मला वन्संनी इतक्या वेळा सांगितलाय की मी तिथेच होते असं वाटतं. चष्म्यांची नोंद करणाऱ्या बाईंनी आधी नवऱ्याचं नाव टाकलं, मग मुलीचं, मग कपाळाला हात लावला. दुसरीला तर आपल्याला पासवर्ड दिलाय हेच आठवेना. शेवटी अधिकारी बाईंनी व्यवस्थापकांनाच खुर्चीत बसवलं. त्यांनाही येईना. यंत्राने त्यांना तीनदा नाकारलं आणि कुलूप घातलं. काउंटरवर सगळे लाडोबा म्हणतात त्या तरुण कारकुनाची पाळी आली, तेव्हा तोही आपला पासवर्ड आठवत बसला.

आता वन्संच्या नावावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. मग बाईंनी पुढे घुसलेल्या पेशंटांनाच गाठलं, की पैसे कुणाच्या हातात दिले. सगळ्यांनी लाडोबाकडे बोट दाखवलं. वन्सं आरोपी व्हायच्या त्या साक्षीदार झाल्या. नियम मोडला म्हणून दवाखान्याने त्यांची पगारवाढ रोखली. ते त्यांनी तक्रार न करता सोसलं.

खटल्याआधी लाडोबाची आई आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं, की वन्संनी परवानगी दिली होती असं म्हटलं तर मुलाचा गुन्हा हलका होईल. रडत होती बिचारी. माझ्या तर काळजाचं पाणी पाणी झालं. वन्संनी तिला जवळ बसवलं.

"कॉम्प्युटर वापरायला मी दिला होता, ते मी कोर्टात सांगेन. माझं नाव घेऊन लोकांचे नंबर विकायला दिला नव्हता, तेही सांगेन."

आणि तसंच सांगितलं, दोन्ही. लाडोबाला कैदही झाली आणि दंडही. पहिलाच गुन्हा म्हणून कैद थोडी कमी.

निकाल लागला त्या संध्याकाळी मी देवापुढे बसले आणि त्या पोरासाठीही हात जोडले, की सुटून आल्यावर शहाणा होऊ दे. वन्सं मागेच उभ्या होत्या.

"माग, जरूर माग," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या नावाने माग. माझं नाव आता कुठे घालू नकोस."