नर कांगारूला पिशवी नसते

विश्वंभर दिघे यांनी बडोद्यातल्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. बायको गेल्यावर ते निजामपुऱ्यात एकटेच राहत. वर्तमानपत्रात विज्ञानाची चूक दिसली की संपादकाला पोस्टकार्ड टाकत. अशी बेचाळीस कार्डं गेली. उत्तर एकच आलं, तेही कचेरीचा पत्ता बदलल्याचं.

२००९च्या मार्चमध्ये त्यांची मुलगी पद्मा दिवस भरायच्या दीड महिना आधीच बाळंत झाली. रक्तदाब इतका चढला की ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली, वजन चौदाशे वीस ग्रॅम. पद्मा अतिदक्षता विभागात होती आणि जावई मुकुंद मालवाहू जहाजावर, सिंगापूरच्या पुढे कुठेतरी. दवाखान्याच्या बाकावर होते ते फक्त दिघेसर.

चौथ्या दिवशी निरुपमाबेन नावाच्या नर्स बाहेर आल्या.

"दादा, शर्ट काढी नाखो. बेबीला कांगारू केअर द्यायची. मम्मीला तर अजून उठता येत नाही."

त्यांनी समजावलं. बाळाला उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवायचं आणि वरून कापडानं बांधायचं. बाळाला ऊब मिळते, श्वास नीट चालतो.

दिघेसर उठले नाहीत. "नर कांगारूला पिशवी नसते," ते म्हणाले.

"नसते?"

"नसते. पिलाकडे तो बघतही नाही."

निरुपमाबेननी जरा विचार केला. "तमे कांगारू छो?"

"नाही."

"तो पछी शर्ट काढो."

सरांनी छाती साबणानं दोनदा धुतली आणि आरामखुर्चीत टेकून बसले. निरुपमाबेननी टोपडं घातलेलं बाळ बेडकासारखे पाय दुमडून त्यांच्या छातीवर उभं ठेवलं, मान एका बाजूला वळवली आणि कापड बांधलं. सरांना वजनच जाणवेना. ते घाबरले.

"आहे ना ती?"

"छे," निरुपमाबेन म्हणाल्या.

गुजरातीत छे म्हणजे आहे. जन्म बडोद्यात काढलेल्या दिघेसरांना तेवढ्या क्षणी ते मराठी ऐकू आलं. निरुपमाबेननी त्यांना पाणी दिलं.

"आता वातो करो. बेबी ऐकते."

घरात बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. सरांना अंगाईची एक ओळही येत नव्हती. शेवटी त्यांनी वर्गातलाच आवाज लावला.

"तांबड्या कांगारूचं पिलू जन्मतं तेव्हा एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. तू त्याच्या चौदाशे पट आहेस. ते आंधळं असतं, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. पुढच्या पायांनी आईचे केस धरत ते एकटंच पिशवीपर्यंत चढतं. आई त्याला उचलत नाही."

बाळानं जांभई दिली. असे विद्यार्थी सरांना नवे नव्हते.

दुसऱ्या दिवशी शेपूट झालं: सावकाश चालताना कांगारू ते पाचव्या पायासारखं जमिनीवर रेटतो. तिसऱ्या दिवशी त्याचा मुलूख. मैलोन्‌मैल कोरडं गवत, भर दुपारी झाडाच्या सावलीत पडून राहणं, आणि उकाडा फारच झाला तर पुढचे पाय चाटून अंग गार करणं. शेजारच्या खुर्चीत घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतली दुर्गा आपल्या मुलाला असंच घेऊन बसायची. जाताना ती विचारी, "काका, उद्या काय?"

"उद्या जठर."

पण जठराच्या दिवशी बाळाचं वजन वीस ग्रॅमनं घटलं होतं. सर नुसते तिचे श्वास मोजत बसले. बऱ्याच वेळानं दुर्गा हळूच म्हणाली, "काका, जठर राहिलं."

सरांनी जठर सांगितलं. त्यानंतर वजन घटलं नाही.

अकराव्या दिवशी पद्माला चाकाच्या खुर्चीतून आणलं. सरांनी कापड सोडून बाळ तिच्या छातीवर दिलं. आपल्या छातीवर त्यांना एकदम गार वाटलं. "पंखा बंद करा," ते म्हणाले. पंखा बंदच होता.

पुढच्या आठवड्यात मुकुंद पोहोचला. बाळाला छातीवर घेऊन खुर्चीत बसला तो श्वास रोखूनच. सरांनी बाळाची मान एका बाजूला वळवून दिली.

"हिचे श्वास मोजू नकोस," ते म्हणाले. "मी मोजायचो. मध्येच एखादा उशिरा येतो."

सव्विसाव्या दिवशी बाळ घरी आलं, एकोणीसशे दहा ग्रॅमचं. पद्मानं आपल्या आईचं मंदाकिनी हे नाव ठेवलं. हल्ली हे नाव जुनाट वाटेल असं दिघेसरांनी सुचवून पाहिलं. कुणी ऐकलं नाही.