पाच बोटं आखूड खोली

पाचही तट्टे पाच-पाच बोटं आखूड निघाले. एखादाच चुकला असता तर मन्सूरभाऊनं बांबूला शिवी घातली असती. पण सगळे एकाच मापानं चुकले होते, आणि इतक्या इमानदारीनं फक्त माणूसच चुकतो.

पोंभुर्ण्याचा मन्सूर बांबूची जोडघरं बांधतो. भिंतींचे तट्टे घरी विणायचे, चौकटीत बसवायचे, टेम्पोत घालून न्यायचे आणि जागेवर नट-बोल्टनं कसायचे. सहा वर्षांपूर्वी जवळच्याच गावातल्या कमळाबाईंना त्यानं असं एका खोलीचं घर विकलं होतं. "सून आली तं खोली जोडा बाई, भांडली तं खोली काढा," अशी त्याची जाहिरात. कमळाबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, अशा बोलण्याला भुलणाऱ्या नव्हत्या. आपल्याला सून नाही, एकुलती पोरगी आहे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. घर मात्र घेतलं.

आता तीच पोरगी, पिंकी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी येत होती. परवा. आणि घरात खोली एकच. तिच्यात कमळाबाईंचा नवरा हरिदासभाऊ, त्यांचा खोकला आणि त्या खोकल्यावर मात करायला मोठ्यानं लावलेला टीव्ही. दुसऱ्या खोलीचं छप्पर जुन्या घराच्या उंचीला चढवून झालं होतं, आणि खाली हे तट्टे त्याला टेकायलाच तयार नव्हते.

"भाऊ, वरून आभाळ दिसून राह्यलं," कमळाबाई फटीत हात घालून म्हणाल्या.

"बांबू आखडला असन, बाई."

"सगळा एकदम? ठराव करून?"

मन्सूरच्या खिशात टेप असतो, पण तो गिऱ्हाइकाला दाखवायला. माप घ्यायचं ते स्वतःच्या हातानं, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. भिंत पाच हात, म्हणजे पाच हात. जुनं घर याच हातानं मोजलं होतं. शेवटी वैतागून त्यानं बायकोला फोन लावला. सुलताना शिवणकाम करते. तिनं शांतपणे सांगितलं की दोन वर्षांपूर्वी तो गाडीवरून पडून उजवा हात मोडला, हाड बसवणाऱ्यानं ते वाटेल तसं बसवलं, आणि तेव्हापासून ती त्याच्या शर्टाची उजवी बाही एक बोट आखूड शिवते. सांगितलं काऊन नाई, असं त्यानं विचारलं. वाईट वाटलं असतं, ती म्हणाली.

हातामागे एक बोट. पाच हातांना पाच बोटं. हिशेब चोख बसला, भिंतच काय ती बसत नव्हती.

नवे तट्टे करावेत तर बांबू तोडायला अंधारा पक्ष हवा. चांदण्यातल्या बांबूला घुण लागतो. अंधारा पक्ष सुरू व्हायला अजून आठ दिवस होते. पिंकीला पंचांग बघून थांबायला सांगणं शक्य नव्हतं.

मन्सूर घराला चक्कर मारून आला. मागं न्हाणीसाठी रचलेल्या विटा होत्या. एक वीट आणि वर सिमेंटच्या मसाल्याचा थर, बरोबर पाच बोटं. त्यानं तीन भिंतींखाली चाळीस विटा घातल्या, बोल्टची भोकं नव्यानं पाडली आणि अंधार पडायच्या आत तट्टे छपराला टेकवले. मग ताठ उभा राहून म्हणाला, "आता उधळी बांबू खायला वर चढत नाई, बाई. ही सुधारणा हाय."

"हात मोडल्याबिगर सुचली नसती का?"

विटा आठवड्यात आणून देतो, असं त्यानं कबूल केलं.

पिंकी आली, तिला पोरगी झाली, नातीच्या रडण्यापुढे हरिदासभाऊंचा टीव्ही हरला. धानोऱ्याकडच्या गिऱ्हाइकाला मन्सूर हल्ली विटांची बैठक स्वतःच्या डोक्यातली म्हणून सांगतो, आणि माप टेपनं घेतो. कमळाबाईंच्या गावावरून जाताना मात्र तो गाडी हळू करत नाही. पिंकी अजून दोन साड्यांच्या आडोशाला आंघोळ करते, आणि कमळाबाईंनी विचारलं की मन्सूर म्हणतो, विटांची भट्टी बंद हाय, बाई.