नावं काढलेल्या मुलाखती

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, की कॅनडातल्या आमच्या मार्कहॅमच्या कुठल्याही मराठी घरातली शहाणी माणसं विषय बदलत. कुणीतरी "हे अमेरिकन लोक वेडेच आहेत" असं म्हणालेलं असायचं. ताई शांतपणे विचारत, "तुम्ही कुणाशी बोललात?" टीव्हीवर पाहिलं, असं सांगणाऱ्याची मग धडगत नसे. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल.

ताई आमच्या विद्यापीठात अमेरिकन मतदारांवर संशोधन करत. त्याच विभागात मी आकडेवारी सांभाळतो. निवडणूक जवळ आली, की त्या गाडी काढून सरोवरापलीकडच्या एका छोट्या अमेरिकन गावात जात. दर वेळी त्याच घरांत. नवरा-बायकोला कधी एकत्र बसवत नसत. नवऱ्याशी गॅरेजमध्ये बोलत, बायकोशी किचनमध्ये. "एकत्र बसवलं की एक बोलतो आणि दुसरी कॉफी ओतते," त्या म्हणत. समोर येईल ते खात. एकदा जेलीतला कोबी खाऊन आल्या आणि आठवडाभर मला त्याचं वर्णन ऐकवलं. "अरे, प्लेटमध्ये थरथरत होता रे तो."

त्या गावात एक बाई स्कूल बस चालवायची. तिचा नवरा तिथल्या एका पक्षाच्या शाखेचा अध्यक्ष. ती मात्र वर्षानुवर्षं दुसऱ्याच पक्षाला मत देत आलेली, आणि हे तिने ताईंशिवाय कुणालाही सांगितलेलं नव्हतं. "घरात मी हो म्हणते. मत देताना मी माझी असते," ती म्हणाली होती. हे कुणाला कळणार नाही, असा शब्द ताईंनी तिला दिला होता.

मग आम्हाला नवे विभागप्रमुख मिळाले. साऱ्या मुलाखती इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुल्या करायच्या, असं त्यांनी ठरवलं. ताई म्हणाल्या, थांबा, मला एकेक वाचून काढू द्या. प्रमुखांचं उत्तर तयार होतं. नावं काढली आहेत, अजून काय काढायचं? अहो, त्या गावात स्कूल बस चालवणारी बाई एकच आहे, असं ताईंनी परोपरीने सांगितलं. पुढे ताईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या घरी पडून असताना या माणसाने मुलाखती इंटरनेटवर टाकल्या. नाव नव्हतं. गाव होतं, बस होती, नवऱ्याचं पद होतं. लिहितानाही माझं डोकं फिरतं.

गावातल्या कुणीतरी ते वाचलं. नवऱ्याने घराचं कुलूप बदललं.

मीटिंगमध्ये प्रमुख म्हणाले, झालं ते दुर्दैवी आहे, पण नियम पाळले गेले. ताई काठी टेकत आल्या होत्या. त्या माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "शब्द मी दिला होता रे, याच्या नियमांनी नाही." मग तेच इंग्रजीत त्याच्या तोंडावर म्हणाल्या. सगळ्यांनी लॅपटॉपमध्ये डोकी घातली. मी आवाज चढवला, तर मला टोन सांभाळायला सांगण्यात आलं. एका बाईचं घर गेलं होतं आणि यांना माझा टोन टोचत होता. मुलाखती शेवटी काढल्या, तोवर गावभर झाल्या होत्या.

ताईंना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. ती बसवाली बाई आता बहिणीकडे राहत होती. तिने आम्हाला आत बोलावलं नाही. ताईंनी माफी मागितली, कारणं सांगितली नाहीत. प्रमुखांचं नावही घेतलं नाही.

"तुम्ही नेहमी विचारायचात ना, या वेळी कुणाला मत देणार," ती म्हणाली. "आता कुणालाच देणार नाही."

तिने दार लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

परतताना ताई खिडकीबाहेर पाहत होत्या. मार्कहॅमच्या अलीकडे व्हिटबी आलं तेव्हा म्हणाल्या, "लोक मत का देत नाहीत, हे इतकी वर्षं विचारत होते. आता एक कारण मी आहे."

त्यांनी राजीनामा दिला आणि व्हँकुव्हरला मुलीकडे गेल्या. मी फोन केला की पावसाचं बोलतात, नातवाचं बोलतात. अमेरिकेचा विषय काढत नाहीत. तिकडच्या विद्यापीठाने व्याख्यानाला बोलावलं, तर नको म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात प्रमुखांनी स्वतःचा नवा शोधनिबंध मला आकडे तपासायला पाठवला. छोट्या गावांतल्या बायका मतदान का सोडतात, हा विषय. सोबत लिहिलंय, कारणं नीट हाती लागत नाहीत, तुला काही सुचतं का?

मला एका बाईचं नाव माहीत आहे. ते त्यांना मिळणार नाही.