दारावरचे चार स्क्रू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — शेवटचे आठ दिवस तिच्या उशाशी बसून होतो, तेव्हा सांगता आलं असतं. आज तुम्हाला का सांगतोय, कोण जाणे.

सीवूड्समध्ये खाडीच्या बाजूला आमचं रो-हाऊस. शेजारी हमीदाआपा, मूळच्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या. दोन घरांची मधली भिंत एक, छपराची पुढची कड एक, त्यामुळे पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळही एकच — त्यांच्या अंगणापासून माझ्या दारापर्यंत. जुनी सडली तेव्हा दोघांनी मिळून नवी बसवायची ठरवली. सामान निवडणार मी. मी तळोज्याच्या कारखान्यात नोकरी केलेली ना! आपा म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही लोखंडातले. तुम्ही म्हणाल ते."

मी कसला लोखंडातला? स्टोअरच्या खिडकीमागे बसून मागतील ती वस्तू काढून द्यायची, एवढंच माझं काम. पण गल्लीत मान होता — आणि तो मला फार आवडायचा.

काम करायला काशिनाथ आला. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, घरची होडी असलेला, पत्र्याच्या कामात हात बसलेला. मी आणलेले स्क्रू तळहातावर घोळवत तो आपांसमोरच म्हणाला, "दादा, पत्रा चांगला हाय, पन हे स्क्रू खाऱ्या वाऱ्यात टिकनार नाय. होडीला आमी असले मारीत नाय. स्टेनलेसचे आना."

त्याचं बरोबर होतं. मला ते माहीत होतं — हे नीट ऐका. कारखान्यात बाहेरच्या शेडला लावलेल्या असल्याच स्क्रूंचा दोन वर्षांत भुगा व्हायचा, आणि नवे मीच काढून द्यायचो. तरी मी काय म्हणालो? "तळोज्यात आम्ही हेच वापरतो." होडीवाल्याने मला शिकवावं, तेही आपांच्या देखत, हे सहन झालं नाही. काशिनाथ तेच स्क्रू घेऊन शिडी चढला.

तिसऱ्या वर्षी, मार्चच्या एका दुपारी, आपांच्या बाजूची पन्हळ कोसळली. वारा नव्हता, पाऊस नव्हता. आपा अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. उजवं मनगट असं मोडलं, की पुन्हा नीट बसलंच नाही. दर शुक्रवारी त्यांच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या आमच्याकडे यायच्या. त्या बंद झाल्या. अजूनही कुठे ताट पडलं, की मी आधी आपांच्या अंगणाकडे बघतो.

नाव काशिनाथचं खराब झालं. मी दिलेलं सामान बदलून त्याने हलकं लावलं, असं गल्ली म्हणाली. मी काहीच म्हणालो नाही.

एवढंच असतं तर भित्रा म्हणून सोडलं असतंत मला. पण खरं पुढेच आहे. एका सकाळी काशिनाथ माझ्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मी आत ये म्हटलं नाही. "दादा, त्या दिवशी मी काय बोललेलो, तुमाला आठवतं ना? येवडंच सांगा आपांना. मला कोन कामाला बोलवीत नाय." पलीकडे आपा उभ्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. ऐकत होत्या. त्यांनाही नीटसं आठवत नसावं, त्या माझ्याकडेच बघत होत्या. आणि मी म्हणालो, "मला असलं काही आठवत नाही."

तो भांडला नाही. मान वर करून माझ्या दारावरच्या पन्हळीकडे बघितलं फक्त. तेवढा तुकडा पडला नव्हता. मग गेला, तो या गल्लीत परत आला नाही. मला तेव्हा वाटलं, नजर चुकवतोय.

पडलेल्या भागाची तात्पुरती डागडुजी केली होती. मागच्या महिन्यात सगळीच पन्हळ बदलली. या वेळी प्लॅस्टिकची पन्हळ, स्टेनलेसचे स्क्रू — निवडले मीच. नव्या कारागिराने माझ्या दारावरचा जुना तुकडा उतरवला आणि चार स्क्रू माझ्या हातावर ठेवले. गंजाचा ठिपका नाही. स्टेनलेसचे. मी आणलेले नव्हेत ते. काशिनाथच्या पिशवीत चारच असतील, आणि जिथून माणसं सतत येतात-जातात तिथे त्याने ते लावले. माझ्या दारावर. फाटकाशी उभा असताना एका शब्दाने दाखवून देता आलं असतं त्याला. का नाही बोलला? कुणाला सांगणार होता — मला?

आपांनी पलीकडून विचारलं, "भाऊ, काय निघालं?"

त्या दोन पावलांवर होत्या. कोळीवाडा पायी वीस मिनिटांवर आहे.

मी मूठ मिटली. "काही नाही," म्हणालो.