वीतभर पाणी

हे मी कधी कुणाला सांगितलेले नाही. आईला नाही, वहीला नाही, जिला आजही लांबलचक पत्रे लिहिते त्या एकुलत्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हांला सांगते आहे. तुम्ही पारबताबाईला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच धीर होतो आहे.

अकरा वर्षांपूर्वी मी चामोर्शीजवळच्या एका खेड्यात कामाला होते. गावठी धानाचे बियाणे जपणाऱ्या शेतकऱ्यांचा एक लहानसा गट होता. त्यांची मोजमापे घेणे, नोंदी ठेवणे, हे माझे काम. चंद्रपूरच्या कॉलेजात मी मराठी कविता आणि संख्याशास्त्र असे दोन्ही विषय घेतले होते. ओळीतल्या मात्रा मोजणारी माझी बोटे आकड्यांतही चुकत नाहीत — असा एक ताठा मी सोबत आणला होता. बाकी काही आणले नव्हते. भाड्याची एक खोली, चिंचेच्या पानांनी भरलेली कौले, आणि दिवस कलल्यावर स्वतःच्याच भांड्यांचा आवाज.

त्या गावात, "जेवल्या का बाई?" असे विचारणारे एकच दार होते. पारबताबाईचे. साठीच्या पुढची, सुकलेल्या बांबूसारखी हलकी बाई. तिच्या ओसरीवर मी लाखोरीच्या पानांची भाजी खाल्ली, तापात पडून राहिले, एकदा तर कारण नसताना रडलेही. तिने कारण विचारले नाही. हे आधी सांगते आहे, ते मुद्दाम. मी जे केले ते परक्या माणसाशी केलेले नाही.

तिच्या आईने माहेराहून दिलेले एक धान ती दरवर्षी पेरत असे. बारीक दाणा, लोंबी हातात चुरगळली की ओल्या मातीवर केवडा ठेवल्यासारखा वास. साऱ्या गावात ते तिच्या एकटीच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, उरले होते. त्या वर्षी गट ठरवणार होता — कोणती धाने बियाण्याच्या कोठीत घ्यायची आणि पुढच्या हंगामापासून सगळ्यांनी पेरायची. पारबताबाईला एवढेच हवे होते. आपल्या माघारी ते धान कुणाच्या तरी शेतात उभे राहावे.

कसोटी साधी होती. प्रत्येक धानाची पाच झाडे मोजायची आणि उंची किती एकसारखी आहे ते पाहायचे. त्यासाठी पाच उंचींची सरासरी काढतात. प्रत्येक उंची सरासरीपासून किती दूर, ते पाहतात. त्या अंतरांचे वर्ग करतात, बेरीज करतात आणि तिला पाचाने नव्हे, चाराने भागतात. कारण सरासरी त्याच पाचांतून घेतलेली असते. चार आकडे मोकळे, पाचवा बांधलेला. मग वर्गमूळ. हे झाले नमुन्याचे प्रमाण विचलन. ते पाचाच्या आत असेल तर धान कोठीत. नसेल तर बाहेर.

कार्तिकातली सकाळ होती. पहिली चार झाडे कोरड्या चिखलात होती. आखलेली काडी बुडाशी टेकवून मी सेंटीमीटरमध्ये उंची वाचली — एकशे अठरा, एकशे एकवीस, एकशे एकोणीस, एकशे बावीस. पाचवे झाड खालच्या कोपऱ्यात, बोडीच्या, म्हणजे गावतळीच्या, पाझराने पाणी साचलेले तिथे. त्या पाण्यात जळवा असतात. मी बांधावरूनच वाकले आणि काडीचे टोक पाण्याच्या पृष्ठावर धरले. शंभर.

"बाई, काडी पान्यावरच राह्यली नं वो," पारबताबाई मागून म्हणाली. "खाली वीतभर पानी हाय." मग हसली. "जळवाईले तुमचं शिकलेलं रगत गोड लागन म्हनून भेता का?"

शेजारच्या बांधीतल्या बायाही हसल्या. एवढेच. थट्टा होती, मायेची. मला का झोंबली? मी म्हटले, "मावशी, मला माझे काम कळते." आणि वहीत शंभर लिहिले.

मला ठाऊक नव्हते, असे समजू नका. दुपारी खोलीवर गणित मांडले. सरासरी एकशे सोळा. अंतरे दोन, पाच, तीन, सहा — आणि सोळा. वर्ग चार, पंचवीस, नऊ, छत्तीस — आणि दोनशे छप्पन्न. बेरीज तीनशे तीस; भागिले चार; वर्गमूळ नऊच्या किंचित वर. एकट्या त्या झाडाने सारे मोडले होते. मग मी शंभरात पाण्याची वीत, म्हणजे वीस, मिळवून पाहिली. बेरीज अवघी दहा. विचलन दीडच्या आसपास. इतके एकसारखे धान मी त्या गटात दुसरे पाहिले नव्हते.

शेत पाऊण तासाच्या चालीवर होते. दुपार टळायची होती. बैठक दुसऱ्या दिवशी. मी वीस मिळवलेल्या गणिताचा कागद फाडून टाकला आणि शंभराचा ठेवला. का? साऱ्या बायांदेखत परत जाऊन त्या पाण्यात उतरावे लागले असते — यापेक्षा मोठे कारण मला आजवर सापडलेले नाही.

बैठकीत मी फळ्यावर सुबक अक्षरांत सगळे लिहिले. कुणी शंका घेतली नाही. उलट गणिताचे कौतुक झाले. पारबताबाईचे धान बाहेर गेले. लोक पांगल्यावर ती माझ्याजवळ आली. रागाने नव्हे, समजून घ्यायला.

"काऊन वो बाई, येवढी खोट निघाली? मले तं सारखंच दिसे." मग जरा थांबून, जणू माझ्यावर शंका घेतल्याची लाज वाटून, "पान्याचं तुमी धरलंच असन म्हना हिशेबात."

"हो," मी म्हणाले, "धरले."

ते दोन शब्द. तिने मान हलवली. माझ्या शब्दावर तिने आपल्या साठ वर्षांच्या डोळ्यांना खोटे ठरवले.

पुढच्या हंगामात तिच्या मुलाने त्या बांधीत गटाचे बियाणे पेरले. नापास झालेल्या धानाला जागा कशाला अडवायची — त्याचेही चुकले नव्हते. धान साठवायच्या ढोलीच्या तळाशी बियाण्यासाठी राखलेले होते ते पारबताबाईने कांडले आणि अर्धी पायली तांदूळ फडक्यात बांधून माझ्या खोलीवर आणला. "ठेवून का करू? तुमी एकट्या राह्यता, पोटभर खा."

मी तो शिजवला. वाफेने खोली भरली, कौलांपर्यंत. मी जेवले. चांगला लागला, म्हणून पुन्हा वाढून घेतला. ते धान आता कुठेच नाही.

त्यानंतर मी तिच्या ओसरीवर गेले नाही. काम आहे, असे सांगत राहिले. वर्षभराने चामोर्शीत राहायला आले. आता मुलींना संख्याशास्त्र शिकवते. पारबताबाई अजून आहे. आठवडी बाजारात भेटते. डोळ्यांना कमी दिसते, पण माझा आवाज ओळखते. हात हातात घेते, वाळल्या म्हणते, कोणी हाय का नाई घरी, विचारते. बाजाराच्या त्या गलक्यात आम्ही दोघी पाच-दहा मिनिटे उभ्या असतो. सांगायला तेवढी पुरेत.

गेल्या आठवड्यातही भेटली. मी तिला विचारले, गुडघे कसे आहेत. तिने सांगितले. मग तिची बस आली.