झुलत्या पुलाचं पलीकडचं टोक

सरकारी कामावर खडी कमी पडते, सिमेंट कमी पडतं, किस्से मात्र कधी कमी पडत नाहीत. सोलापुरात आम्ही जुने ओव्हरसियर चहाला जमलो की त्या पुलाचा विषय निघतो आणि मग कुणी घरी जायचं नाव काढत नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आधीच सांगून ठेवतो, नंतर कटकट नको.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. अक्कलकोटच्या बाजूला एका गावात भूकंपानं नदीचा काठ खचला, जुना पूल गेला. पायी जाणाऱ्यांसाठी झुलता पूल आणि दोन्ही काठांनी माणसं, सायकली, बैल सगळ्यांना चालेल असा मुरमाचा रस्ता, हे आमचं काम.

गावात निलव्वा नावाची बाई होती. काठ खचला त्या सकाळी तिचा नवरा पलीकडच्या शेतात गेलेला. तो सापडलाच नाही, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. भावकी म्हणे, बांगड्या फोड. ही म्हणे, "पूल हुईस्तवर थांबा. तवा बी ते आले न्हाईत, तर मीच फोडते." झालं! सगळं आमच्या पुलावर येऊन ठेपलं. मला सिमेंटपेक्षा त्याचंच ओझं वाटायचं.

*

आमचे डेप्युटी साहेब तर्काचे पक्के. त्यांनी निलव्वाला समजावलं, की बाई, वरच्या मोठ्या पुलावरून एसटी येते. यायचं असतं तर तुझा नवरा एसटीनं नसता का आला?

"ज्या वाटंनं गेले त्याच वाटंनं येनार की," निलव्वा म्हणाली. "एश्टीची वाट त्यांची न्हाय."

साहेबांनी रुमालानं मान पुसली आणि मला विचारलं, सिमेंट कधी येणार.

*

भर दुपारी ती काठावर यायची आणि पलीकडे तोंड करून कानडीत हाक मारायची, "बर्री!" म्हणजे 'या'. समोरच्या दरडीवरून आवाज परत यायचा. त्यात विशेष काही नाही.

एकदा जेवता जेवता आमचा बसाप्पा मिस्त्री थांबला. त्याची घरची भाषा कानडी. म्हणाला, "सायेब, ती 'बर्री' म्हनतीया. तिकडनं 'बंदे' येतंय." बंदे म्हणजे 'आलो'.

मी उरलेली भाकरी डब्यात ठेवून दिली.

*

जमिनीचा चढउतार मोजायच्या त्या काळच्या लेव्हलच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं, पाय वर, डोकं खाली. पलीकडे आमचा खलाशी, म्हणजे मोजणीचा मदतनीस, आकड्यांची पट्टी धरून उभा होता आणि त्याला चिकटून आणखी एक माणूस. मी ओरडलो, त्या बाजूच्याला हटव! खलाशी उलट ओरडला, की मी एकटाच आहे.

मी पुन्हा डोळा लावला. खलाशी उलटा दिसत होता, म्हणजे बरोबर. शेजारचा सरळ होता!

उरलेली मोजणी मी साहेबांना घ्यायला लावली.

*

रस्त्याच्या कडेनं कडुलिंबाची रोपं लावली. अलीकडच्या रोपांना रोज पाणी, तरी ती उन्हानं करपली. पलीकडे पाणी नेणार कोण? तिथली रोपं हिरवीगार. साहेब म्हणाले, खाली ओल असेल.

"आसंल की," बसाप्पा म्हणाला. "पर आळी कोन करतंय?"

खरंच, प्रत्येक रोपाभोवती खुरप्यानं ओढलेलं गोल आळं होतं.

*

शेवटी पूल झाला. फीत बांधली, पताका लावल्या, चहा सांगितला. सगळा गाव अलीकडच्या काठावर जमला होता. भावकीतल्या बायका निलव्वाच्या मागे उभ्या होत्या, कशासाठी ते सगळ्यांना माहीत होतं. वारा पडलेला, पताकेचा कागदही हलत नव्हता.

साहेबांनी फीत कापली. पुलावर अजून कुणी पाऊल ठेवलं नव्हतं आणि पलीकडची पहिली फळी दबली. मग तिच्या पुढची. झुलत्या पुलावर माणूस चालला की जसा झोल येतो, तसा झोल सावकाश आमच्याकडे यायला लागला. साहेबांच्या हातात कात्री तशीच. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

अलीकडची शेवटची फळी दबली, वर आली आणि पूल थांबला. निलव्वानं डोक्यावर पदर घेतला आणि वाट देत बाजूला सरकली.

काहीतरी करायचं म्हणून मी चहाचा एक कप तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला तेव्हा हातातल्या बांगड्या वाजल्या.

"सायेब, आनखी एक सांगा की," ती म्हणाली. "यांना साखर कमी."