फुकटचा आवाज

हे आजवर कुणालाच सांगितलं न्हाई. बायकोला न्हाई, देवाला न्हाई — देवाला तर उलट खोटं सांगितलंय, ते पुढं येतंच. मग तुमालाच कामून? तुमी मपल्या गावचे न्हाईत म्हणून. मला लिहिता येत न्हाई. फोनच्या माईकमधी बोलायलोय, तो आपोआप लिहून घ्यायलाय. हे बी सध्या फुकट हाय म्हणं. उद्या पैसे मागितले तर मी काई भरणार न्हाई, मग ऱ्हाऊनच जाईल. म्हणून आज.

मपलं नाव बबन. शाळेत दोनदा गेलो — एकदा बापानं नेऊन घातलं म्हणून, आन् एकदा तिथं ऱ्हायलेली चप्पल आणायला. गंगाखेडहून सोनपेठला जाताना आमचं गाव लागतंय. तिथं मी ग्रामपंचायतीचं पाणी सोडतो. म्हंजे टाकीखालचा वॉल फिरवतो, बस. दुसरं काम म्हंजे लोकं हसवणं. त्याचा पगार न्हाई. पण हसवतो ते मपल्यावरच. बायको मला जनावराच्या बाजारात इकायला घेऊन गेली, दिवसभर हुबं केलं, गिऱ्हाईक आलं न्हाई, येताना टेम्पोवाल्यानं मपलं भाडं बी घेतलं न्हाई — असलं. दुसऱ्या कुणावर कधी बोललो न्हाई. एक डाव सोडून.

ते एक डावच सांगायचंय. पण थांबा, आदी चहाचं सांगू द्या.

आमच्या गावात नळाला रोज पाणी न्हाई, गल्लीगल्लीची पाळी हाय. आन् ती पाळी कुणाच्या डोक्यात? मपल्या. कुठं लिहिलेली न्हाई, कारण लिहिणार कोण? मग ज्याला त्याला मला इचारावं लागायचं, आन् कोरड्या तोंडानं कोण इचारतंय? चहा यायचा. मी लगीच सांगत नव्हतो. एक बशी पेयाची, जरा हसवायचं, दुसरी बशी, मग हळूच म्हणायचं — मारुतीची गल्ली. मग वरडत निघायचो, आन् मागून बाया हंडे घेऊन पळायच्या. असला रुबाब मंत्र्याला तरी असतो का? मपल्या एका शब्दावर शंभर हंडे हलायचे. घरी मपल्या शब्दावर मांजर हलत न्हाई.

मग सुरेखा आली मधी.

सुरेखा म्हंजे किसनची सून. किसन मपला लहानपणचा दोस्त, म्हणून ती मला मामा म्हणती. बारावी झालेली पोरगी, नवरा पुण्याला कंपनीत. ती गावातल्या बायांसंगट कापूस येचायला जायची. पाणी कधी येईल ठावं न्हाई, म्हणून रोज एक ना एक बाई रोजगार बुडवून घरी बसायची — मपल्या वरडण्याची वाट बघत. मला हे कळत न्हवतं का? कळत व्हतं की. त्याच्यात तर मजा व्हती.

एक दिवस ती आमच्या ओट्यावर येऊन बसली आन् म्हणली, मामा, पाळी कशी असती सांगा बरं. मला लय गोड वाटलं. बोटं मोडमोडून सगळी सांगितली. मपली सगळी इस्टेट मी मपल्याच तोंडानं तिला देऊन टाकली, वर म्हणलो, अजून काई लागलं तर ये.

मग एक दिवस सकाळी फोन वाजला. सुरेखाच. म्हणली, राम राम, आज वेशीच्या गल्लीला पाणी हाय. मी म्हणलो, हां पोरी, मला ठावंय, बोल. तर ती मपलं ऐकंचना, पुढंच बोलायली. मी हां हां करायलो, ती आपली बोलायलीच. बायको म्हणली, अवो, ते मशीन हाय. तिनं फोनमधी एक फुकटची सर्व्हिस टाकली व्हती. आपला आवाज एकदा भरायचा, गल्लीगल्लीचे फोन नंबर घालायचे, पाळी लावायची, की सगळ्यांना फोन आपोआप लागतो. आता बघा — वॉल मपल्या हातात, पाळी मपल्या डोक्यातली, आन् पाणी कुठं सोडायचं ते मशीन मलाच सांगायलंय.

मी जळलो. साध्या भाषेत सांगतो, छातीत आग व्हायली. पित्त असंल म्हणून गोळी खाल्ली, तिनं काई झालं न्हाई. मी वॉलपाशी जायच्या आदी बाया हंडे मांडून तयार. वरडायला तोंड उघडलं की म्हणायच्या, वरडू नका भाऊ, सुरेखाचा फोन आलाय, तुमी आपलं पाणी सोडा. तुमी आपलं पाणी सोडा! मी मनातल्या मनात म्हणायचो, एक दिवस लाईटीची डीपी जळावी, मोटर बंद पडावी, पाणी येऊच नये, मग बघतो हिचं मशीन. आन् डीपी जळली की खरंच. मी खुशीत चप्पल घालायलो, तवर फोन — राम राम, लाईट न्हाई, पाणी दुपारी येईल. चप्पल काढून ठिवली.

एकदा तिला गमतीत म्हणलो बी, पोरी, तुझ्या मशीननं मपला चहा खाल्ला. ती लय हसली. त्याच्यानंतर काय झालं काय म्हाईत, घराघरातून चहा परत सुरू झाला. वॉल फिरवून आलो की कोण ना कोण कप घेऊन हुबंच. मला वाटलं, आली आपली हवा परत. मशीन मशीनच्या जागी, बबन बबनच्या जागी. तरी जळणं काई थांबलं न्हाई. चहा व्हता, पण वाट बघणारी तोंडं न्हवती ना. तिचा फोन आला की मी "राम राम" ऐकूनच कट करायचो. आवाजच सहन व्हत न्हवता.

मग कंपनीनं तिला कळवलं — फुकटचं बंद, आता महिन्याला पैसे भरा. सुरेखा पयले कुणाकडं आली? मपल्याकडं. तिनं हिशेब केलता, घराला महिन्याचा एका चहाइतका खर्च. शेजारच्या गावच्या सरपंचानं बी तिला बोलावलं व्हतं, आमच्याकडं बी करून दे म्हणून, त्याचे पैसे तिला वेगळे मिळणार व्हते. मामा, म्हणली, सासऱ्यापुढं हात पसरायची पाळी येणार न्हाई मपल्यावर. तेवढं तुमी लोकांना नीट सांगा, तुमचं ऐकतेत.

मी म्हणलो, सांगतो.

आन् सांगितलं. फाट्यावरच्या हाटेलात, गडी माणसं बसलेली असताना. काय सांगितलं? — हे बोलायला जीभ रेटना झालीय. मी म्हणलो: "सुरेखाचा आवाज आजवर फुकट मिळायचा. आता पैसे मोजावे लागतेत म्हणं. सकाळी सकाळी बाईचा आवाज — कोण न्हाई म्हणंल?" आन् वर म्हणलो: "मी न्हाई बरं, लोकं म्हणायलेत."

लोकं हसली. लय दिवसानं इतकी हसली. आन् खरं सांगू का, मला बरं वाटलं.

आमच्या गावात गमतीला मालक असतो, तो मी असतो. 'लोकं म्हणायलेत' म्हणून सोडली व्हती, म्हणून ही एकटीच बिनमालकाची फिरली. संध्याकाळपर्यंत मोटरसायकलीवर बसून दुसऱ्या गावाला गेली. तिचा नंबर तर घराघरात व्हताच. अनोळखी पोट्टे फोन करायले — आवाजाचे किती? नुसता आवाजच का? तिकडून नवऱ्याचा फोन, काय चाललंय म्हणून.

किसननं चार माणसं ओट्यावर बोलावली. मी बी गेलो. गेलो न्हाई तर वास येईल ना. किसन कुणाकडंच बघंना, एकट्या मपल्याकडं बघितलं. "बबन, तू घरोघर हिंडतोस," म्हणला. "कुणाच्या तोंडातून निघालं हे?"

सुरेखा चौकटीत हुबी व्हती. मपल्याकडंच बघायली व्हती. एक शब्द लागत व्हता — मपल्या. तवढा शब्द मला इतक्या बोलण्यात सापडला न्हाई? सापडला व्हता. पण तोंडातून निघालं ते हे: "किसन, आवाजाचं काय घिऊन बसलास. मपली बायको तर मला पैसे देती, गप बस म्हणून."

सगळी हसली. किसन बी हसला. सवाल तिथंच बुडाला. पदरानं डोळे पुसत पुसत सुरेखा बी हसली, आन् जाताना म्हणली, मामा, तुमी व्हता म्हणून जरा हलकं झालं.

किसननं तिचा फोन कपाटात ठिवला. नंबर बंद, सर्व्हिस बंद, शेजारच्या गावचं बी गेलं. मला खुशी झाली का? पयल्या दिवशी झाली. खोटं कामून बोलू.

घरी भाकर वाढताना बायको म्हणली, ह्या गमतीला तुमच्या तोंडाचा वास यायलाय. मी न्हाई म्हणून मी पोखर्णीच्या नरसिंहाची शप्पथ घेतली. तवापासून पोखर्णीला गेलो न्हाई. कुणी चल म्हणलं की गुडघा धरतो. आमचा गुडघा लय इमानदार, बरुबर त्याच टायमाला दुखतो.

आता मी परत वरडत फिरतो. एक दिवस वेशीच्या गल्लीत वरडायलो — आज वेशीच्या गल्लीला पाणी हाय, मोटर लावू नका, शेवटच्या घराला बी पाणी गेलं पाहिजे. नळापाशी धुरपदाआज्जी व्हती. हसली आन् म्हणली, सुरेखासारखंच म्हणायलास रं, पण शेवटचं गाळलंस. कोणतं शेवटचं, म्हणलं. तर म्हणली, "अरं ती रोज म्हणायची न्हाई का — आन् बबनमामाला चहा इचारा."

तिला वाटलं, मला ठावं असंल. सगळ्या गावालाच वाटत असंल. मी राम रामवरच कट करायचो ना.

सुरेखा आता कापसाला जाती. कापूस सरला की खुरपायला. किसनच्या दारावरून गेलो की अजून बी आत बोलावती — मामा, चहा घ्या.

मी बसतो. घेतो.